नाव बदलते, नोंद मात्र बदलून घ्यावी लागते

अहमदनगर जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर करण्याची घोषणा ३१ मे २०२३ रोजी, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या जयंतीदिनी, त्यांच्या जन्मगावी चौंडी येथे करण्यात आली. राज्य मंत्रिमंडळाने १३ मार्च २०२४ रोजी त्यास मान्यता दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये हा बदल राजपत्रात प्रसिद्ध झाला. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे सुमारे बाराशे वस्तीचे गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून जेमतेम सतरा किलोमीटरवर आहे. एका अधिसूचनेने या गावातील प्रत्येक रहिवाशाच्या पत्त्यातील एक शब्द बदलला. त्यासाठी कोणालाही अर्ज करावा लागला नाही की प्रतिज्ञापत्र द्यावे लागले नाही.

त्याच गावातील एखाद्या शेतकऱ्याला मात्र स्वतःच्या नावातील एक अक्षर बदलून घ्यावयाचे झाल्यास त्याला चार-पाच निरनिराळ्या कार्यालयांकडे जावे लागते. प्रत्येक कार्यालयाची नोंदवही वेगळी, तिला लागू असणारा कायदा वेगळा आणि मागितला जाणारा पुरावाही वेगळा. सामान्य नागरिकाला हे चमत्कारिक वाटते. ‘राजपत्रात नाव छापून आले म्हणजे सर्वत्र बदलले’ अशी त्याची समजूत असते. या समजुतीमुळे किती तरी अर्जदार वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात. नावाच्या बदलामागील व्यवस्था नीट समजावून घेतल्यास त्यांतील बहुतेक हेलपाटे वाचू शकतात. ही व्यवस्था लोकांना समजावून सांगण्याचे काम मुख्यतः ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि गावपातळीवरील अधिकारी यांच्याकडेच येते.

प्रश्न केवळ अक्षराचा नाही

ग्रामीण महाराष्ट्रात एकाच माणसाची अनेक नावे असणे ही नित्याची गोष्ट आहे. घरी ‘दगडू’, सातबाऱ्यावर ‘दगडू’, शाळेच्या दाखल्यावर ‘दगडूराव’ आणि आधारपत्रावर ‘दगडुभाऊ’. स्त्रियांच्या बाबतीत ‘सखू’, ‘सखुबाई’ आणि सासरी ठेवलेले तिसरेच नाव. इंग्रजी लेखनाने या घोळात आणखी भर घातली आहे. हिवरे बाजार या गावाच्या नावाचेच इंग्रजी लेखन निरनिराळ्या परींनी केलेले आढळते, तेथे व्यक्तीच्या नावाची काय कथा!

पूर्वी यामुळे फारसे अडत नसे. गावातील माणसे माणसाला तोंडाने ओळखत आणि पोलीस पाटलाचे शब्द पुरेसे होत. आता शासनाचे अर्थसाहाय्य सरळ बँक खात्यात जमा होते आणि खातेदाराची ओळख संगणक पटवितो. २०१९ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये आणि राज्य शासनाच्या २०२३ मधील नमो शेतकरी महासन्मान निधीचे तितकेच रुपये मिळण्यासाठी जमिनीची नोंद, आधार आणि बँक खाते यांचा मेळ बसावा लागतो. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, निराधार वृद्धेचे मासिक साहाय्य, वारसाची नोंद, पीक विम्याची भरपाई या सर्वांचे तसेच आहे. माणूस खरा असतो, हक्क खरा असतो, परंतु दोन कागदांवरील दोन नावे एकमेकांना ओळख देत नाहीत. अशा वेळी सर्वांत आधी नुकसान होते ते ज्याला कार्यालयाची पायरी चढणे सर्वांत अवघड आहे त्याचे.

दुरुस्ती, बदल आणि ओघाने आलेला फरक

नावासंबंधीचे सर्व अर्ज वरकरणी सारखे दिसले तरी त्यांचे तीन स्पष्ट प्रकार पडतात. अर्ज कोणत्या प्रकारात मोडतो हे सुरुवातीस ठरविले तर पुढील वाट सोपी होते.

पहिला प्रकार दुरुस्तीचा. नाव एकच आहे, परंतु लिहिणाऱ्याच्या हातून ते चुकीचे उतरले. येथे नाव बदलत नाही. ज्या नोंदवहीत चूक झाली तिच्या प्रमुखाकडे जुना, विश्वसनीय पुरावा दाखवून ती सुधारून घ्यावयाची असते.

दुसरा प्रकार स्वेच्छेने केलेल्या बदलाचा. आतापर्यंतचे नाव बरोबर होते, पण ते धारण करणाऱ्याला यापुढे नको आहे. त्याची कारणे अनेक असतात. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये झालेला उपक्रम या संदर्भात आठवण्याजोगा आहे. मुलगाच हवा या हव्यासापोटी ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ अशी नावे वाट्याला आलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली व तशी प्रमाणपत्रेही देण्यात आली. नाव हे हाक मारण्याचे साधन असते, तसेच ते माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग असते, हे या उपक्रमाने दाखवून दिले. मात्र समारंभाने नाव मिळते. नोंदी त्यानंतर एकेक करून बदलून घ्याव्या लागतात.

तिसरा प्रकार ओघाने येणाऱ्या फरकाचा. विवाहामुळे स्त्रीने स्वीकारलेले नाव, दत्तकविधानामुळे बदललेले नाव अथवा जिल्ह्याच्या नामांतरामुळे बदललेला पत्ता ही त्याची उदाहरणे होत. येथे मूळ घटनेचा अधिकृत दाखला हाच बदलाचा पुरावा असतो.

या वर्गवारीवरून हिवरे बाजारच्या ग्रामस्थांना पडणाऱ्या प्रश्नाचे उत्तरही मिळते. जुन्या जन्मदाखल्यावर ‘जिल्हा अहमदनगर’ असे छापलेले असेल तर ती चूक नव्हे. दाखला दिला त्या दिवशी जिल्ह्याचे तेच नाव होते. नव्या नोंदींत नवे नाव येईल. जुनी नोंद जुन्या नावानिशी खरीच राहते.

दुरुस्ती आणि बदल यांतील भेद न्यायालयांनीही मानला आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेल्या निर्णयात, स्वतःचे नाव धारण करणे व ते बदलणे हा व्यक्तीच्या अभिव्यक्तीचा भाग असल्याचे मान्य केले. त्याचबरोबर, चुकीची दुरुस्ती आणि नव्याने स्वीकारलेले नाव यांसाठी निरनिराळ्या अटी असू शकतात, हेही स्पष्ट केले.

राजपत्र काय करते आणि काय करीत नाही

स्वेच्छेने नाव बदलणाऱ्या नागरिकाने त्याची सूचना महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावयाची असते. हे काम शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाकडे सोपविलेले आहे. नाव, जन्मतारीख आणि धर्म या तीन बाबींतील बदलांच्या सूचना तेथे स्वीकारल्या जातात. अर्ज आता संगणकीय प्रणालीवर करता येतो. अर्जासोबत जुन्या नावाचा पुरावा, ओळखीचा पुरावा, छायाचित्र आणि विहित शुल्क द्यावे लागते. अज्ञान मुलाच्या वतीने पालक अर्ज करतात. राजपत्रात जुने नाव, नवे नाव आणि पत्ता असा मजकूर छापून येतो.

अर्जदाराने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. अशा सूचनांसोबतच राजपत्रात एक टीप छापलेली असते. या सूचना अर्जदारांच्या अर्जावर आधारलेल्या असून कागदपत्रांची पडताळणी केलेली नसल्याने मजकुराच्या सत्यतेची जबाबदारी शासन स्वीकारीत नाही, असा तिचा आशय आहे. म्हणजेच राजपत्र ही जाहीर दवंडी होय. ‘अमुक नावाची व्यक्ती यापुढे तमुक नावाने ओळखली जाईल’ हे ती जगाला कळविते, परंतु कोणत्याही कार्यालयाची नोंदवही आपोआप उघडून तीत नवे नाव लिहीत नाही. ते काम त्या त्या कार्यालयाकडे स्वतंत्र अर्ज करूनच करून घ्यावे लागते. म्हणून राजपत्राची संबंधित प्रत जपून ठेवावी आणि सूचना पाठविण्यापूर्वी नव्या नावाचे मराठी व इंग्रजी लेखन काळजीपूर्वक ठरवावे. राजपत्रातच अक्षर चुकले तर ती चूक पुढील प्रत्येक कागदावर उतरते.

जन्माची नोंद : सर्व कागदांचे मूळ

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये गावातील जन्माची नोंद ग्रामपंचायतीत होते. पूर्वी ग्रामसेवक म्हणून ओळखले जाणारे ग्रामपंचायत अधिकारी निबंधक या नात्याने ती ठेवतात. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावयाची असते. बारसे व्हावयाचे असल्याने पुष्कळदा ही नोंद बाळाच्या नावाविनाच होते व पुढे नाव घालावयाचे राहून जाते. असे नाव जन्मनोंदीपासून बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क व त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. मूल शाळेत जाईपर्यंत थांबल्यास शाळेतील नाव एक व जन्मनोंदीत नावच नाही, अशी अवस्था होते.

याच अधिनियमाचे कलम १५ दुरुस्तीसंबंधी आहे. नोंद चुकीची असल्याचे अथवा कपटाने केली गेल्याचे सिद्ध झाल्यास निबंधकाला ती सुधारता किंवा रद्द करता येते. परंतु मूळ नोंदीत खाडाखोड करता येत नाही. दुरुस्ती समासात लिहून तिच्यावर दिनांकासह स्वाक्षरी करावी लागते. या तरतुदीमागील तत्त्व सर्वच नोंदींना लागू पडण्याजोगे आहे. नोंद सुधारावयाची, पण आधी काय होते हे पुसून टाकावयाचे नाही. त्यामुळे दहा वर्षांनी कोणी विचारले तरी जुने व नवे नाव एकाच व्यक्तीचे असल्याचे त्याच पानावर दिसते.

या नोंदीचे महत्त्व १ ऑक्टोबर २०२३ पासून आणखी वाढले आहे. त्या दिवशी अंमलात आलेल्या सुधारणेनुसार, तेव्हापासून जन्मणाऱ्या मुलांच्या बाबतीत जन्मतारीख व जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, शासकीय नोकरी, पारपत्र इत्यादी कामांसाठी जन्मदाखलाच प्रमाण मानला जावयाचा आहे. पाळण्यातल्या बाळाच्या नावातील एक काना-मात्रा वीस वर्षांनंतर त्याच्या नोकरीच्या आड येऊ शकते, याची जाणीव नोंद करणाऱ्याने व करवून घेणाऱ्याने ठेवावयास हवी.

शिक्षकाची लेखणी

जन्मनोंदीनंतर मुलाचे नाव लिहिले जाते ते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच तयार होतो आणि जातीच्या दाखल्यापासून नोकरीपर्यंत तो दाखविला जातो. म्हणून प्रवेशाच्या वेळी पालकांनी तोंडी सांगितलेले नाव लिहून न घेता जन्मदाखला समोर ठेवून नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव अक्षरशः उतरवून घेणे श्रेयस्कर होय.

माध्यमिक शाळा संहितेनुसार रजिस्टरमधील नावात बदल करण्यासाठी शिक्षण विभागाची पूर्वमान्यता लागते आणि असा अर्ज विद्यार्थी शाळेत शिकत असतानाच करावयाचा असतो. विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर काय, हा प्रश्न वारंवार उपस्थित होत असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये त्यावर निर्णय देताना, उघड दिसणारी चूक शाळा सोडल्यानंतरही दुरुस्त करता येईल, असे मत दिले. तथापि न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ येऊ न देणे हेच उत्तम. दहावीच्या परीक्षेपूर्वी मंडळाकडून तपासणीसाठी येणारी यादी विद्यार्थ्याच्या व पालकाच्या नजरेखालून घातल्यास गुणपत्रिकेवरील बहुतेक चुका छपाईपूर्वीच निघून जातात.

सातबारा आणि घरठाण

जमिनीच्या नोंदी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार चालतात. गाव नमुना सातवरील नाव परस्पर बदलता येत नाही. त्यासाठी आधी गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद घ्यावी लागते, हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते व हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. केवळ लेखनप्रमाद असल्यास संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. हस्तलिखित सातबारे संगणकावर उतरविताना राहिलेल्या चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली होती. गावासमोर सातबारा मोठ्याने वाचून दाखविल्यास ज्याचे नाव चुकले तोच उठून उभा राहतो, हा अनुभव जुना आहे.

घराच्या बाबतीत ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना आठ, महत्त्वाची ठरते. घराची नोंद पती व पत्नी या दोघांच्या नावे असावी, असे धोरण राज्य शासनाने २००३ मध्येच स्वीकारले. स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे मोजमाप होऊन मिळकत पत्रिका तयार होत असल्याने, ही नावे पत्रिका अंतिम होण्यापूर्वीच पडताळून घ्यावीत.

स्त्रियांचे नाव

नावबदलाचा सर्वाधिक भार स्त्रियांवर पडतो. विवाहानंतर स्त्रीने नाव वा आडनाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. तरीही रूढीने ते बदलले जाते. मात्र शिक्षणाची कागदपत्रे माहेरच्या नावाने व शिधापत्रिका सासरच्या नावाने राहते. माहेरच्या जमिनीत वारस म्हणून नाव लागण्याची वेळ आली की ‘ही तीच’ हे सिद्ध करण्याची पाळी येते. यावर सोपा उपाय म्हणजे विवाहाची नोंदणी. महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ खाली ती गावातही करून घेता येते. विवाह प्रमाणपत्र हा माहेरच्या व सासरच्या नावांमधील पूल होय.

राज्य शासनाने १४ मार्च २०२४ रोजी घेतलेला निर्णयही येथे नमूद करावयास हवा. त्यानुसार १ मे २०२४ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय दस्तऐवजांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने नोंदवावयाचे आहे. विवाहित स्त्रियांच्या नोंदीची प्रचलित पद्धत तशीच ठेवून, मालमत्तेच्या दस्तऐवजांत विवाहापूर्वीचे नाव नोंदविण्याची मुभा त्यांना देण्यात आली आहे.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या केंद्रीय अधिनियमात स्वतंत्र तरतूद आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळाल्यावर त्यांना जन्मदाखल्यासह सर्व अधिकृत कागदांवरील पहिले नाव बदलून घेण्याचा हक्क मिळतो.

कोणती नोंद आधी?

क्रम चुकल्यास एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. म्हणून सर्वप्रथम बदलाचा मूळ आधार, म्हणजे राजपत्र, विवाह प्रमाणपत्र किंवा दुरुस्तीचा आदेश, हाती घ्यावा. त्यानंतर आधारमधील नाव बदलावे. आधारवरील नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येत असल्याने तेथे घाई करू नये. त्या नावाशी जुळवून पॅन व बँक खाते, मग शिधापत्रिका, मतदारयादीसाठी नमुना ८ चा अर्ज, वाहन परवाना, सातबारा, घराची नोंद व निवृत्तिवेतनाची कागदपत्रे अशा क्रमाने जावे. प्रत्येक ठिकाणी जुन्या व नव्या दोन्ही नावांचे पुरावे सोबत असावेत. पोचपावती घेतल्यावाचून अर्ज सोडू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि त्या मुदतीची मोजणी पोचपावतीवरील तारखेपासूनच होते.

नावांचा ताळेबंद

हिवरे बाजारने राज्याला पाण्याचा ताळेबंद शिकविला. वारंवारच्या दुष्काळाने होरपळलेल्या या गावाने १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार यांच्याकडे सरपंचपद सोपविल्यानंतर श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांच्या बळावर आपले शिवार पालटले. पोट भरण्यासाठी बाहेर गेलेली अनेक कुटुंबे गावी परतली. पाऊस किती पडला, भूगर्भात पाणी किती, पिके कोणती घ्यावयाची याचा हिशोब तेथे ग्रामसभेपुढे मांडला जातो. हिशोब सर्वांसमोर असल्यामुळे तो सर्वांचा होतो.

गाव सोडून गेलेली माणसे परत येतात, लेकी सासरी जातात, सुना येतात, मुले शहरात शिकावयास जातात. या येण्या-जाण्यातच नावे कागदोकागदी निराळी होत जातात. जी पद्धत पाण्याला लागू पडली ती नावांनाही लागू पडू शकते. वर्षातील एखाद्या ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि मुख्याध्यापक यांनी आपापल्या नोंदवह्या घेऊन एकत्र बसावे. नाव न घातलेल्या जन्मनोंदी, न जुळणारे सातबारे, पत्नीचे नाव नसलेली घरे यांची यादी करावी आणि प्रत्येक प्रकरण दुरुस्तीचे की बदलाचे हे तेथेच ठरवून अर्ज भरून घ्यावेत. खाजगी कारणाने ज्याला नाव बदलावयाचे आहे त्याची चर्चा मात्र चारचौघांत होऊ नये. त्याला योग्य वाट एकांतात दाखवावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही, नवे पद लागत नाही. तीन नोंदवह्या एका टेबलावर आल्या तर अनेक वृद्धांचे व स्त्रियांचे तालुक्याचे हेलपाटे वाचतील, आणि ज्याचा हक्क आहे त्याच्याच नावाने तो त्याच्या पदरात पडेल.